सात सह्या

संस्था नोंदवायला आपल्याकडे सात माणसं लागतात. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याने घालून दिलेला हा आकडा. सात नावं, सात पत्ते, प्रत्येकाच्या ओळखीचा एखादा कागद, उद्देश लिहिलेलं टिपण आणि खाली सात सह्या. आपली वाचनालयं, महिला मंडळं, ज्ञातिसंस्था, नाट्यसंस्था याच वाटेने उभ्या राहिल्या. बडोद्यातल्या मराठी माणसांनी तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अशा कितीतरी संस्था काढल्या. सातव्या सहीपाशी एखादी संस्था अडली, असं मी आमच्याकडे कधी ऐकलं नाही.

काठमांडूत एक संस्था अशी चार वर्षं अडून राहिली होती. माणसं होती, चांगल्या पंधरा जणी होत्या. उद्देश त्यांच्या अंगावर लिहिलेला होता. अडलं ते ओळखीच्या कागदावर. नेपाळात त्याला ‘नागरिकता’ म्हणतात. त्या काळी बाईमाणसाला नागरिकता मिळवायची तर बापाने किंवा नवऱ्याने पुढे होऊन ‘ही आमची’ असं सांगावं लागे. आणि या पंधरा जणींत अशा अनेक होत्या ज्यांना ‘ही आमची’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. कारण त्या मुंबईहून परतल्या होत्या. सिंधुपाल्चोक, नुवाकोटसारख्या डोंगरी जिल्ह्यांत ‘बंबई गेलेली’ या शब्दांचा त्या काळी एकच अर्थ घेतला जाई.

त्या संस्थेचं नाव शक्ति समूह. स्थापना १९९६ ची, नोंदणी २००० ची. माणसांच्या व्यापारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी स्वतः काढलेली आणि स्वतः चालवलेली जगातली पहिली संस्था म्हणून ती ओळखली जाते. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला हे नाव फारसं परिचयाचं नाही. असायला हवं होतं, कारण या संस्थेची मुळं मुंबईतच आहेत, आणि तिला जन्म देणाऱ्या हालअपेष्टांत महाराष्ट्र राज्याचाही वाटा आहे.

५ फेब्रुवारी १९९६ या दिवशी मुंबई पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपासच्या वस्त्यांत मोठे छापे घातले. मागे उच्च न्यायालयाचा आदेश होता. साडेचारशेहून अधिक मुली आणि बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यांतल्या दोनशेच्या घरातल्या नेपाळी होत्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘सुटका’ हा शब्द असणार. सुटका झालीही होती, कुंटणखान्याच्या घरवालीच्या हातून. पण तिथून त्या मुली गेल्या सरकारी सुधारगृहांत, आणि तिथे त्या जवळपास सहा महिने राहिल्या. एकदम इतक्या जणींची सोय करण्याची त्या इमारतींची ताकद नव्हती. मुलींना आजार होते, औषधं अपुरी होती, भाषा कळणारं माणूस क्वचित. समूहाच्या संस्थापक सदस्यांनी पुढे वेगवेगळ्या ठिकाणी सांगितलं आहे की ते दिवस त्यांना तुरुंगासारखे गेले. दार बाहेरून बंद. आधीच्या जागेचं दारही बाहेरूनच बंद असायचं.

त्यांना परत पाठवायचं ठरलं, तेव्हा नेपाळ सरकारने हात वर केले. या आमच्याच मुली कशावरून? कागद कुठे आहेत? कागद असते तर त्या विकल्या गेल्या असत्या का, हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा! शिवाय एड्सची भीती होती. या मुली आल्या तर रोगही सोबत येईल, असं तिथे उघड बोललं जात होतं. अखेर नेपाळमधल्या सात स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि जुलै १९९६ मध्ये सव्वाशेच्या आसपास मुली काठमांडूला पोचल्या. सात संस्थांनी त्या आपसांत वाटून घेतल्या. म्हणजे पुन्हा वसतिगृहं, पुन्हा नियम, पुन्हा कुणीतरी मोठं माणूस ठरवणार की हिने शिवण शिकायची, तिने विणकाम.

इथवर ही गोष्ट अशा शेकडो गोष्टींसारखीच आहे. वेगळं घडलं ते यानंतर. यांतल्या काही मुलींना हक्कांविषयीचं एक प्रशिक्षण मिळालं. तुमच्या बाबतीत जे घडलं तो गुन्हा होता, तो तुमच्याविरुद्ध घडला, तो तुम्ही केलेला नाही, हे तिथे त्यांच्यासमोर स्वच्छ मांडलं गेलं. आपल्याला हे वाक्य साधं वाटेल. ज्या मुलीला तोवर घर, गाव, पोलीस, सुधारगृह या सगळ्यांनी आपापल्या परीने उलटंच सांगितलं होतं, तिच्यासाठी ते साधं नव्हतं. त्यातून पंधरा जणींनी ठरवलं की आपला एक गट करायचा. आपल्यानंतर येणाऱ्या मुलींना भेटायला आपण जायचं.

चरिमाया तामाङ ही त्यांतली एक. सिंधुपाल्चोकची. सोळा वर्षांची असताना तिला पळवून मुंबईत विकलं गेलं. बावीस महिने ती तिथे होती. परतल्यावर तिने ज्यांनी विकलं त्यांच्याविरुद्ध स्वतः फिर्याद दिली. नेपाळमध्ये असं पाऊल उचलणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. तिच्या खटल्यात आठ जणांना शिक्षा झाली. तिचं नाव मी इथे लिहिते आहे, कारण ते तिने स्वतः जगापुढे ठेवलं आहे. बाकीच्या कुणाचं नाव, गाव, खूण या लेखात येणार नाही. कायदाही तेच सांगतो. पण कायद्याच्या आधी ही साधी माणुसकी आहे, की कुणाचं नाव कुठे यावं हे ज्याचं नाव त्याने ठरवावं.

नोंदणी झाली आणि समूह वाढला. नेपाळात या गुन्ह्याला ‘चेलीबेटी बेचबिखन’ म्हणतात. चेलीबेटी म्हणजे माहेरच्या लेकी. समूहाने आसरागृह काढलं, जिल्ह्याजिल्ह्यात किशोरींचे गट बांधले, खटल्यांत मुलींसोबत न्यायालयात उभं राहायला सुरुवात केली. २०१५ च्या भूकंपात सिंधुपाल्चोक जवळजवळ जमीनदोस्त झालं. अशा वेळी दलाल मदत करणाऱ्याच्या वेषात येतो, हे समूहाच्या कार्यकर्त्यांना कुठल्या अहवालातून शिकावं लागलं नाही.

हे ज्ञान कशाचं असतं, यावर थोडं थांबते. स्टेशनवर एका मुलीसोबत एक ‘काका’ उभा आहे. तुम्ही-आम्ही त्यांच्याकडे पाहिलं तर एक मुलगी आणि एक माणूस दिसेल. जी त्या वाटेने गेली आहे तिला आणखी काय काय दिसतं: मुलीच्या हातात तिचं तिकीट नाही, फोन त्याच्या खिशात आहे, पायांत नवीकोरी चप्पल आहे आणि कपडे जुने, प्रश्न मुलीला विचारला तरी उत्तर तो देतो. आसरागृहात नवी मुलगी आली की पहिल्या रात्री तिला काय हवं असतं? आपण तिची चौकशी करतो, माहिती लिहून घेतो, फॉर्म भरतो. जी स्वतः त्या दारातून आत आली होती तिला ठाऊक असतं की आधी आतल्या बाजूने कडी लागणारं एक दार हवं. मग जेवण. मग झोप. माहिती चार दिवसांनी घेतली तरी चालते.

मी स्वतः फार उशिरा शिकले हे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वार्षिक समारंभाला पाहुणी म्हणून गेले होते. संस्थेत सुटका करून आणलेल्या मुली राहत. आम्ही पहिल्या रांगेत बसलो, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, मग एकेकीने येऊन आम्हाला गुलाबाची फुलं दिली. चेहऱ्यावर ओढणी बांधलेली, डोळे तेवढे उघडे. ओळख लपावी म्हणून. तरी फोटोग्राफर समोरच होता. मग एकीला माइकपाशी आणलं आणि ‘तुझी गोष्ट सांग’ म्हटलं. तिने सांगितली. पाठ झाल्यासारखी सांगितली, आणि जिथे आमचे डोळे ओले व्हायचे तिथे ते झाले. टाळ्या पडल्या. देणगीचे आकडे जाहीर झाले. चहाच्या वेळी ती माझ्या शेजारून ट्रे घेऊन जाताना हळूच म्हणाली, “दीदी, अगले महीने फिर बोलना है.” मी हसून पाठीवर हात ठेवला आणि समोशाची प्लेट घेतली. ती मला काय सांगत होती हे मला घरी आल्यावर, रात्री उशिरा कळलं. त्या संस्थेतली माणसं वाईट नव्हती. मीही नव्हते. पण मंचावर सात खुर्च्या होत्या आणि त्या सातांत तिची एकही नव्हती.

शक्ति समूहाकडे मी वळले ती या प्रसंगामुळे.

योगायोग असा की ज्या वर्षी समूह जन्मला त्याच वर्षी, १९९६ मध्ये, आपल्या सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन झाली. तिला सगळे व्हॅम्प म्हणतात. ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून मीना शेषू यांच्या पुढाकाराने एड्सच्या प्रश्नावर सांगली भागात काम करत होती. निरोध वाटायचे तर वस्तीतल्या बायकांनीच वाटले पाहिजेत, असं ठरलं. बायकांनी ते केलं. मग पोलिसांचा त्रास, गुंडांचे हप्ते, दवाखान्यातली हिडीसफिडीस, मुलांच्या शाळेचे दाखले असे एकेक विषय त्या हाती घेऊ लागल्या, आणि वस्तीतल्या बायकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. मदत करणारी संस्था बाजूला सरली आणि जिच्यासाठी मदत होती तिची संघटना झाली. हे सरणं फार अवघड असतं. संस्था काढणाऱ्या माणसाला विचारून बघा.

व्हॅम्पच्या बायका शक्ति समूहाच्या स्त्रियांसारखं बोलत नाहीत, आणि हा फरक लपवून मी पुढे गेले तर लेख खोटा होईल. समूहातल्या स्त्रिया म्हणतात, आम्हाला विकलं गेलं. व्हॅम्पच्या अनेक जणी म्हणतात, आम्ही हा धंदा करतो, आमच्या निर्णयाने करतो, आम्हाला कुणी वाचवायला येऊ नये. २००५ साली सांगलीच्या गोकुळनगरात पोलिसांनी एका परदेशी संस्थेच्या पुढाकाराने छापा घातला, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे २०१८ मध्ये ‘संग्राम’ने छाप्यांत सापडलेल्या २४३ स्त्रियांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या मोठ्या संख्येने स्त्रियांनी सांगितलं की छाप्याच्या वेळी त्या स्वतःच्या मर्जीने काम करत होत्या आणि त्यांना सुटका नको होती.

मग खरं कोण? मला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. अल्पवयीन मुलीला विकणं हा गुन्हा आहे, त्यात मर्जीचा प्रश्न येत नाही. आणि हे व्हॅम्पलाही मान्य आहे. वस्तीत एखादी कोवळी मुलगी आणली गेली तर सगळ्यांत आधी कळतं ते शेजारच्या खोलीतल्या बाईला. कोलकात्याच्या सोनागाछीत दुर्बार या संघटनेने १९९७ पासून वस्तीच्याच स्वनियमन समित्या बसवल्या, त्या याच विचाराने. दोन्ही बाजूंच्या बायका एका मुद्द्यावर मात्र एकच बोलतात: आमच्याबद्दल ठरवण्याआधी आम्हाला विचारा.

कायद्याने ते विचारणं फारसं शिकवलेलं नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा बघा. आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार निषिद्ध ठरवला, १९५० साली भारताने त्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि त्यातून हा कायदा आला. हेतू उत्तम. पण त्याच्या १७ व्या कलमानुसार सुटका झालेल्या प्रौढ स्त्रीलाही दंडाधिकारी एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. गुन्हा तिचा नाही, तरी मुक्काम तिचा. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन तरुणींना सोडण्याचा आदेश दिला. देहविक्रय करणं हा या कायद्याखाली स्वतःमध्ये गुन्हा नाही, आणि प्रौढ स्त्रीला कुठे राहायचं, काय करायचं हे ठरवण्याचा हक्क आहे, असं न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी त्यात नोंदवलं. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांना ठरावीक मुदतीत सोडण्याचे निर्देश दिले.

अल्पवयीन मुलींच्या बाबतीत चिंता उलट दिशेची असते. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी ‘प्रेरणा’ ही प्रवीण आणि प्रीती पाटकर यांची संस्था. रात्री आई कामावर असताना तिच्या मुलांनी कुठे राहायचं, या प्रश्नातून त्यांनी तिथे रात्रीचं बालसंगोपन केंद्र सुरू केलं. २००२ साली हीच संस्था उच्च न्यायालयात गेली, कारण छाप्यात सुटलेल्या मुलींना सोडवायला आरोपींचाच वकील उभा राहत होता. ‘मी हिचा मामा’ म्हणत दलाल यायचा आणि मुलगी परत त्याच जिन्याने वर जायची. न्यायालयाने ती पळवाट बंद केली: अल्पवयीन मुलगी बालकल्याण समितीपुढेच जाईल, आणि घरच्यांची नीट चौकशी झाल्याशिवाय कुणाच्या हाती दिली जाणार नाही.

हे सगळं लढून मिळवलेलं आहे, आणि मोलाचं आहे. तरीही या प्रत्येक ओळीत कर्ता दुसराच कुणीतरी आहे. पोलीस सुटका करतात, दंडाधिकारी पाठवतात, समिती सोपवते, संस्था सांभाळते. तिच्या वाट्याला क्रियापद येत नाही.

ते क्रियापद मिळवायचा प्रयत्न आता भारतातही सुरू आहे. पश्चिम बंगालमध्ये परतलेल्या मुलींनी ‘उत्थान’, ‘बंधनमुक्ती’, ‘बिजयिनी’ असे गट बांधले. २००९ च्या आयला वादळानंतर सुंदरबनातली शेतं खारी झाली, गावंच्या गावं कामासाठी बाहेर पडली आणि त्या लोंढ्यात किती मुली पुण्या-मुंबईपर्यंत विकल्या गेल्या, हे तिथल्या बायका सांगतात. आंध्र आणि तेलंगणात ‘विमुक्ति’ आहे. अशा अनेक राज्यांतल्या गटांनी मिळून ‘इल्फॅट’ नावाचा मंच केला आणि संसदेतल्या विधेयकांवर आपलं म्हणणं मांडलं. २०१८ चं मानवी व्यापारविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत आलंच नाही आणि बारगळलं. २०२१ चा मसुदाही पुढे सरकला नाही. पण त्या चर्चेत या मुलींनी जे मुद्दे मांडले ते वकिलांना सुचलेले नव्हते. नुकसानभरपाईचंच घ्या. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ साली तिची तरतूद आली, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. पण अर्ज कुठल्या जिल्ह्यात करायचा, जिथून नेलं तिथे की जिथे विकलं तिथे? पैसे येणार ते खात्यात. खातं उघडायला आधार, आधारला पत्ता, आणि पत्ता म्हणजे तेच घर जिथे तिला कुणी दारात उभं करत नाही. काठमांडूच्या त्या नागरिकतेचंच हे आपल्याकडचं रूप.

साक्षीचंही तसंच. मुलगी बंगालच्या खेड्यात परतलेली, खटला महाराष्ट्रात. तारखेला यायचं तर दोन दिवस रेल्वे, सोबत कुणीतरी, तितक्या दिवसांची मजुरी बुडीत, आणि शेजाऱ्यांना काय सांगायचं? ती येत नाही, आरोपी सुटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाराला बळी पडलेल्या मुलांची साक्ष त्यांच्या गावाजवळच्या न्यायालयातून व्हिडिओद्वारे घेण्याची पद्धत घालून दिली. अशा प्रत्येक सुधारणेच्या आधी कुणीतरी ‘मी का आले नाही’ हे सांगायचं धाडस केलेलं असतं.

आता बडोद्याकडे येते.

आमचं शहर मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गावरचं मोठं जंक्शन आहे. पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या गाड्या इथे मिळतात, दिवसरात्र माणसं चढतात-उतरतात. कामाठीपुऱ्यासारखी ठळक वस्ती नाही, त्यामुळे प्रश्नही डोळ्यांवर येत नाही. गुजरातेत या व्यापाराची रूपं विखुरलेली आहेत. दक्षिण राजस्थानातल्या डुंगरपूरकडची मुलं बीटी कापसाच्या बियाण्याच्या शेतांवर परागीकरणासाठी आणली जात, बनासकांठा-साबरकांठ्यात, ठेकेदाराच्या उचलीवर. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला धुळे-नंदुरबारची, डांगची कुटुंबं कोयता घेऊन येतात, तीही उचल घेऊनच. उचल फिटेपर्यंत हलायचं नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं? १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात ते गुन्हा आहे. फडावर त्याला रीत म्हणतात.

देहव्यापारासाठी विकल्या गेलेल्यांसाठी सरकारची योजना होती ‘उज्ज्वला’, २००७ ची. २०२२ पासून ती आणि ‘स्वाधार गृह’ ही योजना मिळून ‘शक्ती सदन’ झालं. नाव वाचलं आणि मला काठमांडू आठवलं. तिकडे शक्ति समूह, इकडे शक्ती सदन. सदन म्हणजे घर, आणि घर लागतंच. डोक्यावर छप्पर, पोटात अन्न, दवाखाना, समुपदेशन हे सरकारने दिलंच पाहिजे. पण सदनात राहतात आणि समूहात ठरवतात. आपण सदनापाशी थांबलो आहोत.

आणि बडोद्याला समूहापर्यंत जाणं न जमण्यासारखं नाही. याच जिल्ह्यात १९९५ मध्ये सरकारच्या महिला सामाख्या कार्यक्रमातल्या गावोगावच्या बायकांनी ‘नारी अदालत’ सुरू केली. बहुतेक जणी दलित, आदिवासी, अक्षरओळख जेमतेम. नवऱ्याने मारलेल्या, टाकलेल्या बायका तालुक्याच्या ठिकाणी ठरल्या दिवशी जमत, आणि न्याय द्यायला बसलेल्या बायकाही त्यातूनच गेलेल्या असत. कायद्याने त्यांना कुठलाच अधिकार नव्हता. तरी दोन्ही बाजूंना समोर बसवून त्या निवाडा करत, स्टँपपेपरवर करार लिहून घेत, आणि नंतर गावात जाऊन तो पाळला जातो की नाही ते बघत. पोलीस ठाण्यातले लोक सुरुवातीला हसले असतील. पुढे ही कल्पना राज्यभर गेली. ‘सहियर’सारखी स्त्री संघटना या शहरात १९८४ पासून उभी आहे. आणि विद्यापीठाच्या ज्या ग्रंथालयात माझ्या घरच्या दोन पिढ्यांनी अभ्यास केला त्याला नाव आहे हंसा मेहतांचं. त्या इथल्या कुलगुरू होत्या, संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीत होत्या, आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाच्या शब्दांच्या जागी ‘सर्व माणसं’ आलं ते त्यांच्या आग्रहामुळे. एका शब्दासाठी भांडणाऱ्या बाईचं हे गाव आहे.

परतलेल्यांनी चालवलेली संस्था म्हणजे सगळं गोड होईल, असं मी म्हणत नाही. तिथेही मतभेद होतील, पदांवरून भांडणं होतील, हिशेब चुकतील. आपल्या संस्थांत काय कमी होतात? काही गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळाव्या लागतील. कामाला पगार हवा, मानधनाचं पाकीट नको. अनुभव हे कौशल्य आहे आणि त्याची किंमत पडते. एकाच मुलीला संस्थेचा चेहरा करू नये, ती त्या ओझ्याखाली मोडते. गोष्ट सांगणं ही नोकरीची अट नसावी. जिला हे सगळं मागे टाकून ब्यूटी पार्लर काढायचं आहे, लग्न करायचं आहे, कुणालाच काही सांगायचं नाही, तिचं जाणं हे अपयश धरू नये. आणि ज्या दिवशी ती परत येऊन फक्त बसायला जागा मागेल, त्या दिवशी जागा असावी.

आपण काय करायचं? बडोद्यात निवृत्त हिशेबनीस आहेत, बँकेतून बाहेर पडलेली माणसं आहेत, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातला प्रत्येक फॉर्म पाठ असलेले कारकून आहेत, बाल न्यायालयाचं काम कळणारे वकील आहेत. त्यांच्या आठवड्यातल्या दोन तासांची इथे देणगीपेक्षा जास्त गरज आहे. ठराव कसा लिहायचा, पावतीपुस्तक कसं ठेवायचं, ऑडिट म्हणजे काय, पत्त्याचा पुरावा नसलेल्या मुलीचं बँक खातं कुठल्या मार्गाने उघडेल, हे शिकवायला जा. ज्यांना देणगीच द्यायची आहे त्यांनी संस्थेला दोन प्रश्न विचारून मग द्यावी: तुमच्या विश्वस्तांत परतलेल्या किती आहेत, आणि चेकवर सही कोण करतं? उत्तर शून्य आलं तर लगेच पाठ फिरवू नका. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. घराशेजारी, फडावर, कारखान्यात, गाडीत काही खटकलं तर गुजरातेत बाईसाठी १८१, मुलांसाठी १०९८. फोन करायला खात्री लागत नाही, शंका पुरते.

आणि या शहरात कधी तशा सात जणी एकत्र येऊन नोंदणीचा कागद घेऊन तुमच्या दारी आल्या, तर त्यांना टेबल द्या, पेन द्या, रकाने समजावून सांगा. सह्या त्यांना करू द्या.